बावीस वाक्यं

मोठ्या बाईंचं कोपर लागलं आणि टेबलावरचा पेला कलंडला. पाणी ओघळत फरशीवर टपटपू लागलं. बाई रुमाल शोधेपर्यंत मुलाखतीला आलेली पाच वर्षांची पोर खुर्चीवरून उतरली, गुडघे टेकून बसली आणि नव्या फ्रॉकच्या घेरानं फरशी पुसायला लागली.

"सॉरी फॉर द ट्रबल, मॅडम," ती मान खाली घालून म्हणाली. "आय विल क्लीन इट राइट अवे."

उच्चार अगदी नेटका. कुठं अडखळणं नाही की चाचपडणं नाही.

शेजारी तिची आई बसली होती. वाक्यं तिचीच होती.

हॉटेलात ती रोज चौदा खोल्या आवरायची. कामाला लागली त्या दिवशी तिच्या हातात एक कार्ड दिलं होतं, त्यावर बावीस इंग्रजी वाक्यं. दार वाजवल्यावर काय म्हणायचं, पाहुणा ओरडला तर काय म्हणायचं, टॉवेलला डाग निघाला तर माफी कशी मागायची. तिनं सगळी घोकून पाठ केली. पण तेवढ्या इंग्रजीवर माणूस काउंटरमागे जाऊन बसत नाही. तिथं बसणाऱ्या मुली तिच्याच वयाच्या, तिच्याच वस्तीतल्या. शाळा तेवढी वेगळी. त्यांना खुर्ची, हिला बादली. आपल्या लेकीला खुर्ची मिळावी एवढाच तिचा हट्ट, आणि त्या खुर्चीची वाट या शाळेतून जात होती.

फॉर्म देतानाच शाळेनं बजावलं होतं, घरात फक्त इंग्रजी बोला. शाळेच्या आवारात तर पालकांनीही दुसरा शब्द काढायचा नाही. आठ महिने तिनं तो नेम पाळला. कामावरून पाय ओढत यायची आणि लेकीशी बावीस वाक्यांत बोलायची. नवरा म्हणायचा, हे घर आहे की लॉज? चहाचा कप पुढं आला की विचारायचा, बाईसाहेब, खोली किती वाजता सोडायची? ती हसून सोडून द्यायची. चिडायलाही अंगात त्राण लागतं. एकदा पोर पडली, गुडघा सोलवटला. आईनं मनातल्या मनात सगळं कार्ड पालथं घातलं. सोलवटलेल्या गुडघ्यासाठी त्यात एकही वाक्य नव्हतं. मग ती नुसतीच फुंकर घालत बसली.

पोर मात्र सगळं शिकली होती. मान किती वाकवायची आणि आवाज किती बारीक ठेवायचा, तेसुद्धा.

"ब्यूटिफुल," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या मनापासून हसत होत्या. इतकी नम्र मुलं हल्ली बघायला मिळत नाहीत, असं त्यांनी इंग्रजीतच सांगितलं. अशा मुलांचं कुठं अडत नाही, असंही. खालचं नीट पुसता यावं म्हणून त्यांनी पाय जरा बाजूला घेतले. मग फॉर्मवरचं पाणी झटकलं, शिक्का शाईत टेकवला आणि उचलला.

आईनं आता फक्त थँक यू म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं की आठ महिन्यांचा शीण फिटला असता.

पोर बाईंच्या चपलांजवळचं पाणी टिपत होती. फ्रॉकचा घेर काळा पडला होता.

"ऊठ, बाळा," आई म्हणाली. घरच्या भाषेत म्हणाली. त्या खोलीत तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "तू नाही सांडलंस. त्यांनी सांडलंय."