दारातले बिशप

अँग्लिकन बिशप हिवाळे जुन्या वळणाचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीविरुद्ध त्यांनी परळच्या चर्चमध्ये उघड प्रवचन दिलं आणि त्यांचीच माणसं त्यांच्यावर उठली. "बिशप, पद सोडा!" म्हणून ओरडणाऱ्यांत त्यांच्याच चर्चचा गिरणीकामगार शांतवन सगळ्यांत पुढे.

चळवळीच्या मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला त्या दुपारी जीव मुठीत धरून शांतवन गिरणीतल्या सोबत्यांसह त्याच चर्चमध्ये शिरला. मागोमाग पोलीस आले. म्हातारे बिशप दारात आडवे उभे राहिले.

"फादर, बाजूला व्हा. आत दंगेखोर आहेत."

"आत आसऱ्याला आलेली माणसं आहेत. त्यांना न्यायचं तर आधी मला गोळी घाला."

अधिकाऱ्याने शिपायांना मागे फिरायची खूण केली. मग बुटांचा आवाज दूर गेला.

शांतवनचे हात आपोआप जोडले गेले. "साहेब, म्हणजे तुम्ही आता आमच्या बाजूचे?"

"मुळीच नाही. रविवारी ये. पुन्हा तेच सांगणार आहे."

आणि रविवारी त्यांनी तेच सांगितलं, तितक्याच कडक शब्दांत. मागचे बाक गिरणीकामगारांनी भरले होते. शांतवन सोडला तर त्यांत एकही ख्रिस्ती नव्हता, आणि बिशपांचं म्हणणं एकालाही पटत नव्हतं. पण प्रवचन संपेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.