बिनलोण्याचा पाव

टक्.

स्वयंपाकघरातून आवाज आला आणि पलंगावर पडलेल्या हेन्नानं कान टवकारले. गोळीचं पाकीट फोडल्याचा आवाज. तिची गोळी तर सकाळीच घेऊन झाली होती.

पित्ताशय काढल्यावर डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं. लेकीला, विल्यालासुद्धा नाही. नवरा जहाजावर. म्हणून लॅपलँडहून हेन्नाची आई, राइली, येऊन राहिली होती. छोट्या विल्याला कडेवर घेणं, न्हाऊ घालणं, बेरीचं सार करणं, सगळं तीच बघायची. स्वतः राय धान्याचा काळा पाव कोरडाच खायची. "तुला लोणी बंद, मग मी एकटीनं कसं गं चोपडू?" म्हणायची.

पण दुखण्याच्या गोळ्या भराभर संपत होत्या. आणि विल्या हल्ली दुपारी हलवूनही उठायची नाही. "बर्फात खेळून दमते," राइली सांगायची. विल्या मात्र आजीकडं बघून ओठांवर बोट ठेवायची.

हेन्नाला आईचा जुना विनोद आठवला. "लहानपणी तू काय किरकिरी होतीस! चमचाभर औषध पाजलं की गुमान झोपायचीस." आज त्याचं हसू आलं नाही.

भिंतीपलीकडून आईची कुजबुज आली. "मम्माला सांगायचं नाही हं, सोन्या."

हेन्ना उठली. टाके ताणले. पोटाशी उशी दाबून, भिंत धरत ती दारापर्यंत पोचली.

"आई! काय भरवतेयस तिला?"

राइली ओट्यावर ओणवी झाली होती. एका हातात पाण्याचा पेला, जिभेवर गोळी. दुसऱ्या हाताची मूठ उजव्या बरगडीखाली रुतलेली. ती जागा हेन्नाच्या चांगल्या ओळखीची होती. अख्खा हिवाळा तिनंही तिथंच मूठ दाबून काढला होता, अंगणात कोसळेपर्यंत.

"कधीपासून?" हेन्नाला एवढंच विचारता आलं.

"काही नाही गं. येते कळ, जाते कळ." राइली पाणी प्यायली. "मीही आडवी झाले तर हिला उचलणार कोण? जा, पड तू."

विल्या टेबलाशी कोरडा पाव कुरतडत होती. तिनं आजीच्या मुठीकडं पाहिलं. मग आईच्या उशीकडं. मग स्वतःच्या फ्रॉकवर, उजव्या बाजूला, हळूच हात ठेवून पाहिला.

"मम्मा, मोठी झाल्यावर मीपण कुणाला सांगायचं नाही का?"