बांधापलीकडची माती

"आबा गयात," शेजारचा झिपरू बांधावरूनच म्हणाला.

तोतारामाने खुरपे थांबवले नाही. हरभऱ्याच्या दोन ओळींमधले तण त्याने उपटले, मुळाची माती झाडली आणि ते बाजूला टाकले.

"चाल. तुनाबिगर आग कोन दी?"

"नथ्थूले सांग. पुतन्या शे त्यास्ना. मी येवाव नही."

"अरे, बाप व्हता तुना."

"बाप? त्या बापनी टोपलंभर माती दिधी नही माले."

झिपरूने मुंडासे नीट केले. "मरेल मानूसवर रुसनारा तू पहिलाच. सूर्य डोकावर ये तोपावत वाट देखसूत. मंग नथ्थू." एवढे बोलून तो नदीपलीकडच्या मसणवट्याकडे, उताराला लागला.

कुंदाबाई बाभळीखाली उभी होती. झोळीत सहा महिन्यांचे मूल निजले होते. तिने पदराचे टोक दातांत धरले होते आणि ती नवऱ्याकडे नव्हे, झोळीकडे पाहत होती.

लग्नाआधी कुंदाबाई विधवा होती. तोतारामाने तिच्याशी पाट लावला, त्या दिवशी आबांनी त्याला वेगळे काढले. वाटणीत आला तो हा पडीत तुकडा. बांधापलीकडे आबांचा काळाभोर मळा. अलीकडे गुरांनी चरून सोडलेले रान. तिच्या पोटचे पोर मी डोळ्यांनी पाहणार नाही, असे आबा चार माणसांत बोलले होते, आणि आबा बोललेला शब्द फिरवत नसत.

सावलीपुरती एक ठेवून बाकीच्या बाभळी तोडून, मुळे खणून तोतारामाने या रानात पहिलाच हरभरा पेरला. पेरणीच्या वेळी एरंडोलहून शेतकी खात्याचा मदतनीस आला होता. ज्या रानात हरभरा वर्षानुवर्षे होत आला आहे, तिथली दोन टोपल्या माती इथे विस्कटा, असे तो म्हणाला. तोतारामाने झिपरूला आबांकडे धाडले. निरोप आला, माझ्या मळ्यातले ढेकूळही त्या घरात जाणार नाही.

आता मार्गशीर्ष सरत आला होता. हरभरा वीतभर वाढला आणि पिवळा पडला. सारे रान आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखे दिसे. फक्त बांधापासून आत एक ओळ हिरवीगार होती. तिथे शेणखत सांडले असेल, असे तोतारामाने धरले होते.

ऊन चढत होते. तोताराम खुरपत राहिला. मध्येच तो नदीकडे पाही आणि पाहिल्याचा स्वतःवरच राग आल्यासारखा पुन्हा वाके. सूर्य डोक्यावर आला तेव्हा मदतनिसाची सायकल बांधाशी येऊन थांबली. मुंबई राज्याचा शिक्का असलेली पिशवी खांद्याला लावून तो शेतात उतरला. तो पुण्याकडचा होता. इथल्या घरातले दुःख त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्याने एक पिवळे रोप उपटले. मूळ दोऱ्यासारखे साफ होते. मग त्याने हिरव्या ओळीतले रोप अलगद खणून काढले. त्याच्या मुळांना बाजरीच्या दाण्यांएवढ्या गाठी लगडल्या होत्या. एक गाठ त्याने नखाने फोडली. आत फिक्या रक्तासारखी लाली होती.

"पाहिलंत, पाटील? हा रोग नव्हे. यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. हवेतलं अन्न ओढून झाडाला भरवतात. पण नव्या रानात ते आपोआप येत नाहीत. जुन्या मातीबरोबर यावे लागतात. म्हणजे तुम्ही माती आणलीत तर!"

"माती कोनी दिधी नही," तोताराम म्हणाला.

"मग कुणाच्या तरी पायांनी आली. मळ्याला पाणी देताना घोट्यापर्यंत चिखल लागतो ना, तशाच पायांनी कुणीतरी इथून चालत गेला आहे. एकदा नव्हे, कितीतरी वेळा." तो ओळीच्या कडेने पुढे गेला. "आणि बघा, ही ओळ त्या बाभळीपाशी संपते."

तोतारामाने मान वर केली. बांध. हिरवी ओळ. बाभूळ. झोळी.

कुंदाबाईच्या तोंडातला पदर सुटला.

"तुम्ही लोकास्नी मोट हाकाले गयात की आबा येत व्हतात," ती म्हणाली. "रोज. पाटनं पानी सोडीसन. पोऱ्याले देखाले." तिने झोळीची दोरी धरली. "तुमले सांगू नको म्हनीसन आबास्नी माले पोऱ्यानी शप्पत घाली व्हती. मी सांगं नही. जमीनच सांगी ऱ्हायनी."

तोतारामाने खुरपे खाली टाकले. तो बाभळीपाशी गेला. झोळीच्या खाली, पानांच्या सावलीत, काळी माती वाळून ढेकळाएवढी साचली होती. कोणीतरी इथे बराच वेळ उभे राहत असे.

मदतनिसाला ती बोली नीटशी कळली नव्हती. पिकाची नोंद लिहिता लिहिता, वहीतून मान वर न काढता तो आनंदाने म्हणाला,

"ज्याची कुणाची ही माती असेल, त्याच्याकडे आजच्या आज जा. अजून दोन टोपल्या मागा. पायांनी इतकी आणून दिली त्यानं. हातांनी द्यायला तो नाही म्हणणार नाही."

तोताराम धावत सुटला, त्याच हिरव्या ओळीतून, बांधाकडे. नदीपलीकडे धूर सरळ वर चढला होता.