सोपवणारा

ओळीत सनामीला सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं. हुतात्म्याची विधवा म्हणून तो मान तिचा होता.

प्रार्थनाघराच्या अंगणात, दगडी कुंडात, नवे धर्मगुरू रोगातुस कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. उतरण्याआधी प्रत्येकाने फाटकाशी बसलेल्या म्हाताऱ्या मिगीनकडे बोट करून एक शब्द म्हणायचा होता: सोपवणारा. मग त्याच्या हातचा बाप्तिस्मा रद्द आणि इथे नवा.

किर्ता शहरात हा शब्द पूर्वी साधा होता. घाण्यावर ऑलिव्ह नेऊन देणारा, धोब्याकडे कपडे टाकणारा, तोही सोपवणाराच. मग ख्रिस्ताची पुस्तकं जाळायला द्या, असा रोमच्या बादशहाचा हुकूम आला. सनामीच्या नवऱ्याने घरातलं पुस्तक दिलं नाही. शिपायांनी त्याला चौकात मारलं. दुसऱ्या दिवशी धर्मगुरू असलेल्या मिगीनने कपाटातली सगळी पुस्तकं स्वतः काढून दिली. आता बादशहा बदलला होता, हुकूम उठला होता. धोब्याकडे कपडे टाकणाऱ्यासाठी मात्र लोकांना दुसरा शब्द शोधावा लागला होता.

"चल गं, सनामीबहिणी," मागून दोनाता म्हणाली. "तू म्हण, मग आम्ही म्हणतो. उन्हात उभं राहून अंजिरासारख्या वाळलो आम्ही."

सनामीने कुंडाच्या काठाशी जाऊन विचारलं, "मग त्यानं डोक्यावर घातलं, ते काय होतं?"

"विहिरीचं पाणी, बाई," रोगातुस म्हणाले. "नुसतं पाणी."

"सगळ्यांचंच?"

"पुस्तकं देऊन आल्यावर त्यानं ज्यांना ज्यांना बाप्तिस्मा दिला, त्या सगळ्यांचं."

"आणि ज्यांना आता ओळीत येता येत नाही?"

रोगातुसना कळलं नाही. दोनाताला कळलं, तिने मान खाली घातली. सनामीच्या मुलीला, सिद्दीनला, तापात मिगीननेच बाप्तिस्मा दिला होता. बाप्तिस्म्यानंतर आठ दिवस पांढरं नेसायचं असतं. सिद्दीन पांढऱ्यातच गेली.

दोनाताने काठावर वाकून ते हळूच सांगितलं.

"मेलेल्यांना देता येत नाही," रोगातुस म्हणाले. "तू शब्द म्हण, बाई. नवऱ्याची आठवण ठेवून म्हण."

सनामी वळली आणि सरळ फाटकाकडे चालू लागली. तोंडावर म्हणणार, असं सगळ्यांना वाटलं. मिगीनलाही वाटलं असावं. भिंतीला धरून तो उठून उभा राहिला.

"माझ्या मुलीच्या डोक्यावर पाणी घातलंस, तेव्हा नावं घेतली होतीस?"

"घेतली होती."

"तिन्ही?"

"बापाचं, पुत्राचं, आत्म्याचं. तिन्ही. दुसऱ्या ओंजळीला ती हसली, गार लागलं म्हणून. पोरी, मी त्या दिवशी..."

"तेवढंच विचारलं," सनामी म्हणाली. "आणि मला पोरी म्हणू नकोस."

ती फाटकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून. रोगातुसनी दोनदा हाक मारली, मग ओळीतल्या पुढच्या बाईला खूण केली. पुढे दोनाता होती. तिने बोट केलं आणि शब्द म्हटला, पण तो कुंडापर्यंतच ऐकू आला. बाकीच्यांनी मोठ्याने म्हटला. दर वेळी मिगीन मान हलवायचा, हजेरी दिल्यासारखी. सनामी जमिनीवरची मुंग्यांची रांग बघत राहिली.

दुपारी बायका केस पिळत फाटकातून बाहेर पडू लागल्या. दोनाता सनामीपाशी थांबली. बाप्तिस्मा झालेल्या बायका एकमेकींना बहीण म्हणत; रोजच्यासारखी तीच हाक मारायला तिने तोंड उघडलं, तिच्या कोरड्या केसांकडे पाहिलं, आणि काय म्हणून हाक मारावी ते न सुचून पुढे निघून गेली.