चार इंच

हॉइटने ट्रेलरच्या खालच्या कडेला पाणसळ लावली आणि शीळ घातली. "अरे ऑर्विल, घर ओढतोयस की आभाळात चढवतोयस?"

ऑर्विल हसला नाही. ट्रकच्या हौद्यावर मान टेकून चालणारं ते चाकांवरचं घर नाक वर करून उभं होतं. ट्रक उंच, म्हणून घराचा सगळा भार मागच्या चाकांवर. सकाळी ॲरिझोनाच्या उजाड रस्त्यावर त्यातलाच एक टायर फुटला होता. नशीब बलवत्तर, म्हणून ऑर्विल आणि त्याची बायको मर्ना ट्रेलरच्या तळावर धड पोचली.

शेजारच्या ट्रेलरमधल्या हॉइटचा जन्म मोटारी दुरुस्त करण्यात गेला होता. "दोनच उपाय आहेत," तो म्हणाला. "ट्रकच्या मागच्या आसावरचे हे चार इंची ठोकळे काढ, ट्रक खाली येईल. नाहीतर ट्रेलर तेवढाच वर उचल. ठोकळे तर आज दुपारीच निघतील. जेवायला घाल म्हणजे झालं."

"ट्रेलर उचलू," ऑर्विल लगेच म्हणाला.

मर्ना दारातल्या पायरीवर बसली होती. आहेत त्या पायऱ्या चढतानाच तिचे गुडघे बोंब मारत. "आणि मी आत कसं जायचं? शिडी लावून?"

"एक पायरी वाढवू."

"पण ट्रकला हात लावायचा नाही, असंच ना?"

ते ठोकळे त्यांच्या मुलाने, डेनने बसवले होते, घरामागच्या शेडमध्ये उताणं पडून. पोरगा गेला, तेव्हापासून ऑर्विल त्या ट्रकची काचसुद्धा दुसऱ्या कुणाला पुसू देत नसे. मर्नाला त्याचा राग येई, आणि राग येतो याची लाजही वाटे. आज मात्र तिला राहवलं नाही.

"ऑर्विल, तो माझ्याही पोटचा होता. पण मी अजून जिवंत आहे रे."

हॉइटला एकाएकी आपल्या कॉफीची आठवण झाली. तो गेला, पण हत्यारांची पेटी तिथेच ठेवून गेला.

ऑर्विलने ट्रक ट्रेलरपासून सोडवला, पुढे घेतला आणि पाना घेऊन खाली सरकला. थोड्या वेळाने तो एकही नट न सोडवता तसाच बाहेर आला. "माझ्याच्याने नाही होत. तूच बघ जा."

गुडघे सांभाळत मर्ना वाळूवर आडवी झाली आणि अंग ओढत खाली गेली. प्रत्येक नटावरून बोल्टवर एक बारीक लाल रेघ ओढलेली होती. नट ढिला झाला की रेघ तुटते आणि लगेच कळतं. सगळेच मेकॅनिक अशी खूण करतात. पण हा रंग गॅरेजमधला नव्हता. हे तिचं नेलपॉलिश होतं. भाचीच्या लग्नाला निघताना या बाटलीपायी तिने अख्खं घर पालथं घातलं होतं. डेनला विचारलं, तर तो साळसूदपणे म्हणाला होता, "आई, मी काय नखं रंगवतो?"

तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतलं पाणी कानांत गेलं.

"मर्ना?" बाहेरून ऑर्विलने विचारलं. "राहू दे का? ट्रेलरच उचलू या का?"

"तो लांब दांड्याचा पाना दे इकडे."

तिने पाना नटाला अडकवला आणि दोन्ही हातांनी ओढला. नट हलेना. तिने पुन्हा ओढला. कटकन आवाज झाला आणि रेघ तुटली. अर्धी नटाबरोबर फिरली, अर्धी बोल्टवर राहिली.

"झालं?"

"एक झाला," ती म्हणाली. "अजून सात आहेत. तू पण ये खाली."