गळ्यातली पाटी

पाटी अजून तृप्तीच्याच गळ्यात होती आणि शेवटचा तास निम्मा सरला होता. मधल्या सुट्टीत डबा सांडला आणि तोंडून 'अगं बाई' निघून गेलं, एवढाच काय तो गुन्हा. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचे दिवस. सिडकोतल्या त्या इंग्रजी शाळेचा कायदाच तसा होता. जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात पाटी. मग त्यानं कान टवकारून हिंडायचं आणि दुसरं कुणी मराठी बोललं, की त्याच्या गळ्यात ती अडकवून मोकळं व्हायचं. घंटा होताना पाटी ज्याच्याकडे असेल, त्यानं ती घालूनच घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन यायचं. आईबाप खूश होते. पोरं इंग्रजी बोलत होती ना, मग झालं तर.

तृप्तीचे वडील दिनेशराव अंबडला कारखान्यात होते. खाडा झाला की तिथं साहेब त्यांना फाडून खायचा आणि घरी येऊन ते सगळं तृप्तीच्या पाठीवर निघायचं. मागच्या पाटीचे वळ नुकते कुठं गेले होते.

पण मराठी बोलणार कोण? पोरं भलती शहाणी झाली होती. पाटी जवळ आली की तोंडाला कुलूप. तृप्तीनं चिमटे काढून पाहिले, पायावर पाय देऊन पाहिला. शेजारी बसणारी तेजस्विनी तर महाबिलंदर, बोट दारात चेमटलं तरी 'आउच' म्हणायची.

पुढे मिसचं व्याकरण चाललं होतं. एकेकानं टेबलाशी यायचं, एक प्रश्न करायचा आणि स्वतःच त्याचं नकारार्थी उत्तर द्यायचं. इज धिस अ मँगो? नो मिस, धिस इज नॉट अ मँगो. मिस खाली मान घालून वह्या तपासत होत्या. वाक्य बरोबर की चूक, एवढंच त्यांचा कान ऐकायचा.

मिसनी तृप्तीला ऑफिसातून खडू आणायला पाठवलं आणि येताना तिच्या डोक्यात ते आलं. तेजस्विनीचे वडील संतोषकाका त्याच कारखान्यात प्रेस मशीनवर होते. प्रेस मशीनखाली सापडलेल्या माणसाचं काय होतं, ते सिडकोतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ती बाकावर बसली. पाटी गळ्यातून काढून मांडीवर घेतली, दोरा दोन्ही हातांत फाकवून धरला आणि तेजस्विनीच्या कानाशी वाकली.

"फोन केम इन ऑफिस," ती कुजबुजली. "प्रेस मशीन. युवर पप्पा इज डेड."

बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. इंग्रजीत ते काही खरं वाटत नव्हतं.

तेजस्विनीचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ उघडले. आता बोल, तृप्ती मनात म्हणत होती, बोल एकदाची. पण तेजस्विनीची नजर त्या दोऱ्यावर गेली आणि तिनं तळहात तोंडावर गच्च दाबून धरला.

"नेक्स्ट," मिस म्हणाल्या.

तेजस्विनीचा नंबर होता. ती उठली, बाकांना धरत धरत टेबलाशी गेली. तोंडावरचा हात तिनं खाली घेतला.

"मे आय क्राय, मिस?"

"करेक्ट," मिस वहीवर खूण करत म्हणाल्या. "नाऊ आन्सर. निगेटिव."

तेजस्विनी तशीच उभी राहिली. ओरडून सांगावं, खोटं आहे गं ते सगळं, असं तृप्तीला फार वाटलं. पण ते सांगायला तिच्याजवळ नुसती मराठी होती आणि समोर मिस होत्या.

"कम ऑन, तेजस्विनी. फुल सेंटेन्स."

"नो, मिस," तेजस्विनी म्हणाली. "आय मे नॉट क्राय."