वरिष्ठ सूत्र

"तुमचं ते 'वरिष्ठ सूत्र' म्हणजे मीच, असं सगळे म्हणतात," समोरच्या खुर्चीत अवघडून बसलेले गृहस्थ म्हणाले. "म्हणून मला घरी बसवलंय."

बातमीदाराने त्यांना ओळखलं आणि तोंडाकडे निघालेला चहाचा कप वाटेतच थांबवला. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. शहराचं पाणी न तपासताच 'पिण्यास योग्य' ठरवलं जातं, ही गेल्या आठवड्यातली पहिल्या पानावरची बातमी त्याचीच होती. आणि ती खरी होती. खोटा होता तो एकच शब्द, 'वरिष्ठ'.

त्या दैनिकात 'सूत्र' पडेल ते काम करायचं. चहावाल्याकडे ऐकलेलं 'सूत्रांकडून समजलेलं' असायचं. तेच चहावाल्याने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, की सूत्र 'खात्रीलायक' व्हायचं. मंत्र्यांचा ड्रायव्हर म्हणजे 'निकटवर्ती सूत्र'. दुसऱ्या पेपरातून उचललेलं 'अन्य सूत्र'. आणि कुणीच काही बोललं नाही, तर संध्याकाळपुरता बातमीदार स्वतःच सूत्र व्हायचा.

या खेपेचं सूत्र म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या धुवायचा. सुट्टीच्या दिवशी जेवायला आला आणि पाण्याचा ग्लास बाजूला सारत म्हणाला, "भाऊजी, उकळून पीत जा बरं का. आमच्या बाटल्या मी धुवून ठेवतो, त्या तशाच कोरड्या असतात. रिपोर्ट मात्र रोज ताजा!"

मेहुण्याची नोकरी जाऊ नये म्हणून बातमीदाराने त्याला लिहिता लिहिता बढती देऊन टाकली. 'प्रयोगशाळेतील वरिष्ठ सूत्रांनी सांगितले.' आता बाटल्या धुणाऱ्याकडे कोण बघतंय? कुणी बघितलंही नाही.

"प्रयोगशाळेत वरिष्ठ असा मी एकटाच," प्रमुख म्हणाले. "बाकी सगळी पोरं."

हे बातमीदाराच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने कप खाली ठेवला.

"साहेब, सूत्राचं नाव आम्हाला सांगता येत नाही," तो पडेल आवाजात म्हणाला. "तसा नियमच आहे."

"कोण होतं ते विचारतच नाही मी. कोण नव्हतं, तेवढं छापा. उद्या चौकशी आहे." प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "बातमी चांगली होती हो तुमची. खरं म्हणजे मीच कुणाला तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, भ्यालो. सगळ्या रिपोर्टांवर सह्या माझ्याच आहेत. त्याबद्दल अजून एकानेही विचारलेलं नाही! गप्प बसल्याची शिक्षा दिली असती तर मुकाट्याने भोगली असती. ही बोलल्याची मिळतेय."

बातमीदाराने टेबलावरचा चहाचा डाग कागदाने पुसला.

"आणि घरी वेगळीच पंचाईत. 'आमच्या ह्यांनी अखेर तोंड उघडलं,' असं बायको शेजारीपाजारी सांगत सुटलीय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिला माझा अभिमान वाटतोय. त्याचं काय करू, ते तुम्हीच सांगा."

बातमीदाराने कीबोर्ड पुढे ओढला. 'प्रयोगशाळा प्रमुखांनी ही माहिती दिलेली नाही, असे' एवढं लिहून झालं आणि पुढचे शब्द सवयीने बोटांतून आपोआप उतरले: 'खात्रीलायक सूत्रांनी सांगितले.'

प्रमुख मान पुढे काढून वाचत होते.

"हे सूत्र कोण?"

"म्हणजे... मीच."

"मग 'मी' लिहा की."

शेजारच्या टेबलावरचा उपसंपादक फिसकन हसला. त्या दैनिकाच्या बातमीत आजवर कुणीच 'मी' नव्हता.

बातमीदाराने 'खात्रीलायक सूत्रांनी' हे शब्द खोडले. त्यांच्या जागी 'मी' आला, की उद्याच्या चौकशीत पहिलं बोलावणं त्यालाच. तिथे विचारणार, तुम्हाला कुणी सांगितलं? आणि प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा तो पोरगा त्याचाच मेहुणा, हे तिथल्या शिपायालाही ठाऊक होतं.

टेबलावर मोबाइल थरथरला. मेहुणाच होता. बातमीदाराने फोन पालथा घातला आणि बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली. ती तिथे नुसतीच ठेवलेली राहिली. पडद्यावर मोकळ्या जागेत कर्सर लुकलुकत होता.

प्रमुखांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि आल्यापासून पहिल्यांदाच ते खुर्चीला पाठ टेकून बसले.

"सावकाश लिहा," ते म्हणाले. "मला काही आता ऑफिसला जायचं नाही."